भिंतीला नाक असतं

नाशिकला नाकाचं वावडं कधीच नव्हतं. गावाचं नावच मुळी कापलेल्या नाकावरून पडलं असं इथले लोक कौतुकाने सांगतात. त्यामुळे वास ओळखणारं यंत्र बनवणारी प्रयोगशाळा सातपूरला निघाली तेव्हा कुणाला फारसं नवल वाटलं नाही. यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. प्रयोगशाळेतले सगळे त्याला शूर्पणखा म्हणायचे.

शाल्मली अमृतकर ही या शूर्पणखेची सगळ्यात मोठी जाणकार. नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना यंत्र शिकवायचं काम तिच्याकडे होतं आणि ते ती झोकात करायची. वर्गाच्या पुढच्या टोकाला अत्तराची कुपी उघडून ठेवायची आणि मागच्या बाकावरच्यांना म्हणायची, "वास आला की हात वर करा."

हात वर व्हायला बराच वेळ लागे. मग ती विचारी, "हवेचा रेणू सेकंदाला जवळजवळ अर्धा किलोमीटर पळतो. अत्तराचा जरा जड, तरी शंभरदीडशे मीटर कुठे गेले नाहीत. मग ही खोली पार करायला त्याला एवढा वेळ का?"

उत्तरही तीच देई. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी मेनरोडवर कितीही जोरात पळणारा माणूस सोडा, तो पुढे सरकेल का? पाऊल टाकलं की धक्का, धक्का बसला की दिशा बदलली. रेणूचं तसंच आहे. एका धक्क्यापासून दुसऱ्या धक्क्यापर्यंत त्याला जे मोकळं अंतर मिळतं त्याची सरासरी म्हणजे माध्य मुक्त पथ. हवेच्या रेणूला मिळणारं हे अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढं आहे. एवढ्याच मोकळिकीत तो पळतो, आपटतो, वळतो, पुन्हा पळतो. पळणं भरपूर, पोचणं थोडं.

"आता भिंतीत चला," ती म्हणे. गिलाव्याला आपल्याला न दिसणारी बारीक छिद्रं असतात. त्यातली पुष्कळशी या मुक्त पथाहूनही अरुंद. अशा बोळात शिरलेल्या रेणूला समोरून दुसरा कुणी भेटायच्या आधी भिंतच लागते. तिथे रेणू रेणूला भेटतच नाही, भेटते ती फक्त भिंत. बाहेर पंखा असतो, वारा असतो, दारं आपटतात. आत तसलं काही नाही. म्हणून आत शिरलेला वास किती खोल गेला हे मोजलं की तो केव्हा शिरला हे सांगता येतं. आणि प्रत्येक माणसाच्या अंगाचा वास वेगळा, बोटांच्या ठशासारखा, फक्त रक्ताच्या नात्यात थोडा जुळणारा. त्यामुळे कोण आणि केव्हा, दोन्हींची उत्तरं भिंतीतच सापडतात.

शेवटी ती फळ्यावर एक ओळ लिहायची आणि सगळ्यांकडून वहीत उतरवून घ्यायची: आधी उतार बघा, मग उत्तर. वास खोलीतून भिंतीत शिरला असेल तर तो वर जास्त आणि आत कमी असणार. यंत्र तसंच गृहीत धरून हिशेब करतं. उतार उलटा असेल तर यंत्राचं उत्तर कचऱ्यात टाका.

शूर्पणखेने दोनच वर्षांत घराघरांत काय काय केलं ते सांगत बसलो तर रात्र पुरणार नाही. भिंतीला कान असतात असं म्हणणारी माणसं जुनाट वाटायला लागली. कौटुंबिक न्यायालयं भिंतीची साक्ष काढू लागली. भाडेकरूने ठेवलेलं मांजर घरमालकाला कळू लागलं. हॉटेलवाल्यांनी भिंतींना काचेचा लेप दिला आणि तशी जाहिरातही केली. या सगळ्यावर शाल्मली हसायची. ज्यांच्या घरात लपवण्यासारखं काही आहे त्यांनी घाबरावं, असं तिचं मत होतं.

प्रयोगशाळेत एक रीत होती. सुधारलेलं यंत्र बाहेर पाठवण्याआधी प्रत्येकाने ते आपल्या घरच्या भिंतीवर चालवून बघायचं. घरातली माणसं माहीत असतात, त्यामुळे यंत्र चुकलं तर लगेच कळतं. त्याप्रमाणे शाल्मलीने एका सकाळी यंत्राची सुई झोपायच्या खोलीच्या भिंतीत टोचली आणि डबा भरायला स्वयंपाकघरात गेली.

परत आली तर पडद्यावर चार ठसे होते. तिचा स्वतःचा. नवऱ्याचा, म्हणजे निरंजनचा. नऊ वर्षांच्या ओवीचा. आणि चौथा, अनोळखी. स्त्री. ओवीशी रक्ताचं नातं, निरंजनशी नाही. गेल्या काही महिन्यांत या खोलीत वारंवार.

डबा हातात धरून ती तशीच पलंगावर बसली.

ओवी ही निरंजनच्या पहिल्या बायकोची मुलगी. केतकी तिचं नाव. ओवी तीन वर्षांची असताना ती डेंग्यूने गेली. शाल्मली या घरात आली त्याला आता चार वर्षं झाली होती, आणि खरं सांगायचं तर चारही वर्षं ती केतकीवर जळत होती. नावापासूनच सुरुवात होती. केतकी म्हणजे केवडा, आणि शाल्मली म्हणजे सावर. फुलं लालभडक, वास नावाला नाही. ओवीने तिला मम्मा म्हणायला सुरुवात केली तेव्हा निरंजनला भरून आलं होतं, पण शाल्मलीच्या मनात आलं ते एवढंच, की आई हा शब्द फोटोतल्या बाईसाठी राखून ठेवला गेला.

पण मेलेली बाई काही गेल्या महिन्यात पलंगापाशी येऊन उभी राहत नाही. ओवीच्या रक्ताची आणि चालतीबोलती बाई एकच होती. तिची मावशी, रोहिणी.

केतकीची ही धाकटी बहीण पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकिंग हाऊसमध्ये नोकरीला होती. गुरुवारी तिला सुट्टी असे. त्या दिवशी ओवीला शाळेतून घरी आणायचं, तिला खाऊपिऊ घालायचं, केस विंचरून द्यायचे आणि शाल्मली आली की चहा घेऊन निघायचं, हा तिचा नेम. निरंजनचं ऑफिस घरातच होतं, हे शाल्मलीला आजवर सोयीचं वाटत आलं होतं. आता ते आठवलं आणि तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्या गुरुवारपर्यंत ती कुणाशी काही बोलली नाही. मात्र सगळं बघत राहिली. एकदा संशय घुसला की साध्या गोष्टी साध्या राहत नाहीत. निरंजनने कांदेपोहे करताना रोहिणीसारखं वरून खोबरं घातलं, तेही तिने मनात टिपलं. रोहिणी तिला ताई म्हणायची. केतकीलाही ती ताईच म्हणत असे. आजवर शाल्मलीला हा मान वाटत होता. आता तिला वाटलं, हिने जागेला नाव दिलंय. ताई कुणीही असो, जागा तीच, आणि त्या जागेवर आता हिचाच डोळा.

"रोहिणी आली की ओवीच्या खोलीत बसते का रे?" तिने सहज विचारल्यासारखं केलं.

"नाही, हॉलमध्येच असतात दोघी," निरंजन म्हणाला. "आत कुठे जाते ती."

म्हणजे हाही खोटं बोलतो, शाल्मलीने ठरवून टाकलं.

गुरुवारी ती लवकर घरी आली. रोहिणी सोफ्यावर बसून ओवीची वेणी घालत होती, निरंजन खुर्चीत कॉम्प्युटर मांडीवर घेऊन. तिघं कशावर तरी हसत होते. ती आत आली तसं हसणं थांबलं. दार उघडलं की कुणीही बोलायचं थांबतं, पण तेवढं पुरलं.

"ओवी, तू आत जाऊन अभ्यास कर," ती म्हणाली. ओवी अर्ध्या वेणीने आत गेली. मग तिने आवाज न चढवता विचारलं, "रोहिणी, माझ्या खोलीत तुझं काय काम असतं?"

रोहिणीला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "ताई, त्या खोलीचा उंबरा मी सहा वर्षांत ओलांडलेला नाही. आमची ताई तिथे आजारी होती. माझ्याने जाववत नाही तिथे."

"भिंत वेगळं सांगते."

"शाल्मली, काय बोलतेस तू?" निरंजन उठून उभा राहिला.

"मी नाही बोलत. मशीन बोलतंय. बाई आहे, ओवीच्या रक्ताची आहे, आणि महिनोन् महिने तिथे येते. तुम्ही दोघं माझ्या डोळ्यांत धूळ फेकाल, भिंतीच्या कशी फेकणार? लोक म्हणतात ना, माय मरो पण मावशी जगो. मावशी जगली हो. चांगलीच जगली."

रोहिणीने कंगवा टीपॉयवर ठेवला, पर्स उचलली. दारापाशी ती वळली. "भिंतीवर एवढा विश्वास आहे ना तुमचा, मग तिलाच नीट विचारा. मला नका विचारू."

त्यानंतरच्या गुरुवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. शाळा सुटल्यावर ओवीला आणायला निरंजन जाऊ लागला. तो हॉलमध्ये झोपू लागला होता आणि कामापुरतंच बोलत होता. ओवीने वेणी घालून घ्यायचं सोडलं. शाल्मली कंगवा घेऊन बसली की ती म्हणे, "राहू दे मम्मा, मोकळेच बरे आहेत." शाल्मली कंगवा परत जागेवर ठेवून द्यायची. पण माघार घेणं तिच्या रक्तात नव्हतं, आणि शिवाय यंत्र तिच्या बाजूने होतं.

एका रात्री निरंजन म्हणाला, "तुला वेगळं व्हायचं असेल तर तसं सांग. ओवीच्या समोर हे असं मला चालणार नाही. कोर्टात जाऊ, तुझी भिंत घेऊन."

हे तिला खरंच वाटलं. कोर्टात वरवरची सुई चालत नाही, खोलवरचा नमुना लागतो, हेही तिला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तिने प्रयोगशाळेतून लांब सुई आणली, त्याच जागी टोचली आणि या वेळी पडद्यासमोरून हलली नाही.

सुई जसजशी आत जात होती तसतसा तिचा स्वतःचा ठसा फिका होत होता. बरोबरच होतं, तेच व्हायला हवं होतं. चौथा ठसा मात्र गडद होत चालला. वर पुसट, आत ठळक, अजून आत त्याहून ठळक. उतार उलटा होता.

आधी उतार बघा, मग उत्तर. किती पोरांच्या वह्यांत ही ओळ तिने लिहवून घेतली होती. पहिल्या दिवशीच्या आकड्यांतही तो उलटा उतार स्पष्ट होता. ते आकडे साठवलेले होते, तिने काढून पाहिले. त्या सकाळी तिने फक्त उत्तर वाचलं होतं, कारण चार वर्षं ती त्याच उत्तराची वाट बघत होती.

मग तिला भिंत आठवली. लग्न ठरल्यावर ती पहिल्यांदा या घरात आली तेव्हा हीच खोली बघून तिने नाक मुरडलं होतं. "सगळं नवं करून घे," असं ती निरंजनला म्हणाली होती. त्याने जुन्या गिलाव्यावर नवा जाड थर चढवून घेतला होता, त्यावर तिच्या आवडीचा फिका पिवळा रंग. केतकी या खोलीत सहा वर्षं नांदली होती, तिचं आजारपण इथेच सुरू झालं होतं. जुन्या गिलाव्यात ती आत आत मुरलेली होती. त्यावर नवी भिंत घातल्यावर तिच्या वासाला काय कळणार, दार कुठल्या बाजूला आहे? रेणू आत जातात तसेच बाहेर येतात. चार वर्षं तो वास नव्या थरातल्या बोळांतून आपटत, वळत बाहेर निघाला होता आणि आता कुठे खोलीपाशी पोचला होता. यंत्राला वाटलं, कुणीतरी नुकतंच येऊन गेलं. आणि केतकीचा ठसा यंत्राकडे नव्हताच, म्हणून ती अनोळखी.

रोहिणी निर्दोष होती. निरंजन निर्दोष होता. हे कळल्यावर शाल्मलीला हायसं वाटायला हवं होतं. तिला वाटलं ते असं, की आजवर फोटोत असलेली बाई आता रोज थोडी थोडी खोलीत येते आहे, आणि ती येतच राहणार.

यावर उपाय होता, तोही तिच्याच प्रयोगशाळेत. शोषक नावाचं एक तावदान भिंतीवर लावायचं. ते भिंत तापवतं आणि तिच्यासमोरची हवा ओढून काढतं. समोर हवाच उरली नाही की बाहेर पडलेल्या रेणूला धक्का द्यायला कुणी नसतं. मुक्त पथ एवढा लांबतो की रेणू भिंतीतून सुटला तो थेट यंत्रातच जातो, माघारी वळत नाही. यंत्राच्या थंड नळीत सगळा वास गोठून जमतो. पुढे तो ओतून टाकतात. घरं विकणारे लोक हल्ली भिंती अशाच धुऊन घेत. दिवसभराचं काम.

तिने शोषक घरी आणला तेव्हा निरंजन दारात उभा होता. तिने त्याला सगळं सांगितलं. उतार उलटा होता हे सांगितलं, रोहिणीवर नाहक आळ घेतला हेही सांगितलं.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "पण निरंजन, मला ती या खोलीत नकोय. मी खोटं नाही बोलणार. मला नाही सहन होत."

"धू भिंत," तो म्हणाला. "तेव्हाही मी नाही म्हटलं नव्हतं. तू कपाटाकडे बघून तोंड वाकडं केलंस आणि मी तिच्या साड्या देऊन टाकल्या. कंगवा, शाल, उशी, सगळं. रोहिणीने एक साडी मागितली होती, ओवीसाठी. तीही तोपर्यंत गेली होती. ओवीला आईचं काही आठवत नाही. तिचा वास कसा होता, मला विचारते कधी कधी. मला सांगता येत नाही. वास सांगायला शब्द कुठे असतात?" तो दारातून बाजूला झाला. "धू. मी ओवीला घेऊन गंगेवर जाऊन येतो."

ते नदीवर गेले. घरात शाल्मली आणि केतकी, दोघीच उरल्या.

तिने पलंग सरकवला, तावदान भिंतीला लावलं. मग सवयीने लांब सुईचे आकडे पुन्हा एकदा पाहिले. भिंतीच्या मधोमध, नवा थर जुन्याला मिळतो तिथे, दोन ठसे एकाच जागी होते. बाहेरून आत गेलेली शाल्मली आणि आतून बाहेर आलेली केतकी. तिने हिशेब करून पाहिला. एकीच्या चालीत दुसरीमुळे कणभरही फरक पडलेला नव्हता. पडणार कसा? तिथले बोळच इतके अरुंद, तिथे रेणू रेणूला भेटत नाही. हे ती वर्षानुवर्षं शिकवत आली होती. चार वर्षं जिच्याशी आपली टक्कर चालली आहे असं तिला वाटत होतं, तिचा धक्का तिला एकदाही लागलेला नव्हता. लागली होती ती भिंत, तीही तिनेच घालून घेतलेली. शाल्मली जमिनीवर बसून रडली, आधी रागाने आणि मग नुसतीच.

रडून झाल्यावर तिने तावदान काढलं, त्याची चौकट लहान केली आणि भिंतीच्या एका टीचभर चौकोनावर लावलं. बाकीची भिंत तशीच ठेवली. नळीत जमलं ते थेंबभर होतं. ते तिने काचेच्या कुपीत घेतलं आणि प्रयोगशाळेत नेलं. तिथे ठसे वेगळे करता येतात. निरंजनचा आणि ओवीचा तिने गाळून टाकला. मग स्वतःचा गाळायची वेळ आली. केतकीचा वास निर्भेळ हवा असेल तर ते करायलाच हवं होतं. ती बटणावर बोट ठेवून उभी राहिली आणि तिने बोट उचललं. मी चार वर्षं राहिले त्या भिंतीत, ती स्वतःशी म्हणाली. तेवढा मत्सर तिने आपल्याकडे ठेवला.

पिंपळगावला ती नाक घासायलाच गेली. पॅकिंग हाऊसच्या बाहेर क्रेटच्या थप्पीपाशी उभं राहून तिने रोहिणीला सगळं सांगितलं आणि माफी मागितली. रोहिणी हातमोजे काढत ऐकत होती.

"तुमच्यासाठी मी यायची नाही, वहिनी," ती म्हणाली. ताई हा शब्द तिने परत घेतला होता आणि तो शाल्मलीला झोंबला. "ओवीसाठी येईन गुरुवारी."

गुरुवारी चौघं त्या खोलीत जमली. उंबऱ्यापाशी रोहिणी अडली. ओवीने तिचा हात धरला तेव्हा ती आत आली. शाल्मलीने कुपी ओवीच्या हातात दिली. "यात तुझ्या आईचा वास आहे. हळूच उघड. सारखं सारखं नाही उघडायचं, संपतो."

ओवीने झाकण उघडून नाक जवळ नेलं. डोळे मिटले. निरंजन खिडकीकडे तोंड करून उभा होता.

"हा तर मावशीचा वास आहे," ओवी म्हणाली.

यंत्र वाचून शाल्मलीनेही हेच ठरवलं होतं. रोहिणीने कुपी घेतली, एकदाच हुंगली आणि पलंगाच्या काठावर बसली. ती रडत होती आणि मान हलवत होती, हो, हो अशी. शाल्मली जागची हलली नाही. तिची नजर ओवीवर होती. आत काहीतरी जळत होतं, नेहमीचंच. तिच्या वासाची चार वर्षं त्या कुपीत होती आणि त्यांना कुणी ओळखलं नव्हतं.

ओवीने कुपी पुन्हा नाकाशी नेली. या वेळी जरा जास्त वेळ.

"मावशीचा," ती विचार करत म्हणाली, "आणि आपल्या घराचा. शाळेतून आल्यावर दार उघडलं की येतो ना, तो."

निरंजनने वळून शाल्मलीकडे पाहिलं. घराला असा वेगळा वास नसतो, घरातल्या माणसांचा असतो, हे त्याला तिनेच कधीतरी सांगितलं होतं, आणि स्वतःचा वास गाळून टाकला असं ती आदल्या रात्री त्याला खोटंच म्हणाली होती.

"कुपी बंद कर बाळा," शाल्मली म्हणाली. "मी चहा टाकते."

ती स्वयंपाकघरात पोचायच्या आधी मागून रोहिणीचा आवाज आला. "ताई, माझ्या चहात साखर कमी घाला."